लग्नपत्रिकेवर वळणदार अक्षर बसवायचं कसं?

कापूस घरातून निघाला की आमच्या यवतमाळकडच्या गावांत पत्रिकांची घाई सुरू होते. भाचीच्या पत्रिकेचं प्रूफ मोबाइलवर आलं तेव्हा आजीनं डोळे बारीक केले. "हे नाव होय का काकडीचा येल?" चूक डीटीपीवाल्याची नव्हती. नावं, मुहूर्त, मांडवाचा पत्ता, सगळं त्याच नक्षीदार फॉन्टात करा, असं आम्हीच सांगितलं होतं.

अशा अक्षराचं मूळ बोरूत, म्हणजे जुन्या लेखणीत आहे. टोक तिरकं कापलेलं असतं, म्हणून एका दिशेनं रेघ जाड उमटते, दुसरीकडं बारीक. ही गंमत मोठ्या आकारातच दिसते. लहान केलं की बारीक रेघ शाईत बुडते. तेव्हा हा फॉन्ट फक्त वर-वधूच्या नावांना. फार तर वरच्या 'मंगल परिणय'ला. बस्स.

आधी फॉन्ट निवडा. गूगल फॉन्ट्सवर 'अमिता' लेखणीच्या वळणाचा आहे, 'कलम' हातानं लिहिल्यासारखा. दोन्ही युनिकोड (म्हणजे मोबाइल-संगणकावर सगळीकडं चालणाऱ्या अक्षरपद्धतीचे), मोफत, आणि छपाईच्या धंद्यातही चालतात.

मग त्यात एकच शब्द टाइप करा: वऱ्हाड. आपल्या मुलखाचंही नाव तेच, नवरदेवासोबत येणाऱ्यांचंही, आणि फॉन्टाची परीक्षाही तिथंच होते. 'ऱ' वेगळा टाइप करावा लागतो. साधा 'र' घेतला तर 'ह'वर रफार चढून 'वर्हाड' होतं. बरोबर टाइप करूनही जोडाक्षर फुटत असेल तर तो फॉन्ट सोडा. नंतर घरचीच नावं घाला: श्रद्धा, प्रज्ञा, कृष्णा. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आले तर सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडून बघा. फॉन्टात सोय असेल तर वळण बदलतं.

नावं ३० ते ३६ पॉइंट ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि नाव दात पडल्यासारखं दिसतं. दोन ओळींत मात्र मोकळी जागा हवी. वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. बाकी मजकूर 'मुक्ता'सारख्या साध्या फॉन्टात, १२-१३ पॉइंट.

प्रूफ मोबाइलवर पाहून हो म्हणू नका. खऱ्या आकारात, त्याच रंगाच्या कार्डावर काढायला लावा. मरून कार्डावर सोनेरी शाई असेल तर आणखी जाड फॉन्ट घ्या.

प्रेसला देताना अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे चित्रासारख्या रेघांत बदलून पीडीएफ द्या. तिथं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांवर काम चालत असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या मजकुराचा चिवडा होतो. कर्व्ह केल्यावर मात्र एक वेलांटीही टाइप करून सुधारता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवा.

दुसरं प्रूफ आजीनं चष्म्याशिवाय एका दमात वाचलं आणि विचारलं, "लहान्या मामाचं नाव कुठी हाय?" मूळ फाइल ठेवली होती म्हणून निभावलं.