गुलाबावरचा लाल कोळी कसा आटोक्यात आणावा

होळी सरली की कुंडीतल्या गुलाबाची पानं फिकट पडतात, वर बारीक पिवळसर ठिपके उठतात. खत कमी पडलं असं वाटून बरेच जण मूठभर युरिया घालतात. त्याने कोवळी, रसाळ पालवी फुटते आणि हे ठिपके पाडणाऱ्या, पानांचा रस शोषणाऱ्या बारीकशा लाल कोळ्याचं (माइट, जाळं विणणारा घरातला कोळी नव्हे) आयतंच फावतं.

आधी खात्री करा. पानांखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. कागदावर पडलेले गोलसर ठिपके हळूहळू चालू लागले तर कोळी. लांबट आणि चपळ असतील तर फुलकिडे, त्यांचा उपाय वेगळा. शेंड्यांवर जाळी दिसू लागली असेल तर उशीर झालाय. जाळीवाले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका.

मग पाणी. सगळ्यात स्वस्त उपाय हाच आणि सगळ्यात कमी केला जाणाराही. सकाळी पाइपचं तोंड बोटाने दाबून पानांच्या मागच्या बाजूला जोरात फवारा मारा. कोळी तिथेच राहतो. आठवडाभर एक दिवसाआड करा. संध्याकाळी नको, पानं रात्रभर ओली राहिली की काळे ठिपके येतात.

तरीही राहिला तर १ लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंब तेल आणि थोडा सौम्य द्रव साबण घोटून, ऊन उतरल्यावर फवारा. अंडी यातून बऱ्यापैकी वाचतात आणि उन्हाळ्यात अंड्यापासून पूर्ण कोळी व्हायला साधारण आठ-दहा दिवसच लागतात. म्हणून पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या हव्यातच.

घरातलं कुठलंही कीटकनाशक मारू नका. कोळी कीटक नाही, त्याला आठ पाय असतात. बहुतेक कीटकनाशकं त्याला पुरेशी लागू पडत नाहीत, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम चालतं, पण कडक उन्हात पानं करपतात. तेलाच्या फवारणीनंतर किमान दोन आठवडे थांबा.

मोगऱ्याच्या पानांवर, कळ्यांवर पांढरी लोकरीसारखी लव दिसली तर तोही कोळीच, पण दुसऱ्या जातीचा, डोळ्यांना न दिसणारा. तो लवेच्या आत दडतो, त्यामुळे पाण्याचा मारा वाया जातो. तिथे लव आलेल्या फांद्या छाटा, कंपोस्टमध्ये न टाकता नष्ट करा आणि उरलेल्या झाडावर गंधक फवारा.