घरचे आर्ट्सला नाही म्हणतायत, तर बीएची ॲडमिशन कशी मिळवायची

बारावीचा निकाल लागला की आपल्या सातारा-सांगलीकडं पोरीनं आर्ट्स म्हटलं तर "असू दे, लग्नापुरतं होतंय" आणि पोरानं म्हटलं तर "पोरींची लाईन कशाला घेतोस", दोन्ही एकाच घरात ऐकायला मिळतं. म्हणजे हलकं म्हणून पोरींना द्यायचं आणि पोरी घेतात म्हणून हलकं ठरवायचं. सावित्रीबाई याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या, आणि तरी पोरीच्या शिकण्याचं मोल आपण बायोडाट्यातल्या एका ओळीपुरतं ठेवलंय, याचा मला खरंच राग येतो. पण रागावून ॲडमिशन मिळत नाही, म्हणून काय करायचं ते सांगते.

सगळे बसलेत तेव्हा विषय काढू नकोस. आत्या-चुलत्यांसमोर पप्पा एकदा नाही म्हणाले की त्यांना माघार घेता येत नाही, म्हणून आधी आईशी बोल, मग पप्पांना एकटं गाठ, आणि जाताना खर्च कागदावर लिहून ने. गावाकडच्या पोरींना एसटीचा फुकट पास अहिल्यादेवी होळकर योजनेत बारावीपर्यंतच असतो, त्यामुळं पोरीच्या कॉलेजचा खर्च घरच्यांच्या डोळ्यावर नेमका इथूनच यायला लागतो. महिलांना 2023 पासून तिकीट अर्धं आहे आणि विद्यार्थी पास वेगळा मिळतो, दोन्हीत तुला काय स्वस्त पडतंय ते डेपोत विचारून घे. पैशाचीच अडचण असेल तर कॉलेजात 'कमवा आणि शिका' आहे का विचार, कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, ही वाट याच जिल्ह्यात घालून दिलीय, साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज 1947 ला निघालं ते याच विचारावर.

घरचे तडजोड म्हणून "एक्स्टर्नल कर की, घरी बसून होतंय" म्हणतील. नोकरी करणाऱ्यांना किंवा लेकरं असलेल्या बाईला एक्स्टर्नल फार मोलाचं आहे, पण अठरा वर्षांच्या पोरीला फक्त घराबाहेर पडू नये म्हणून ते देत असतील तर हो म्हणू नकोस. लायब्ररी, शंका विचारायला सर-मॅडम, वादविवाद, बरोबरीच्या मैत्रिणी, हे सगळं रेग्युलरलाच मिळतं आणि बीएचा निम्मा फायदा त्यातच आहे.

"बीए झालं की नोकरी लागते" असं घरी सांगू नकोस, कारण ते खरं नाही, आणि नुसत्या बीएस्सी-बीकॉमवरही ती लागत नाही. खरं आहे ते सांग. यूपीएससी, राज्यसेवा कुठल्याही पदवीवर देता येते, यूपीएससी मेन्सला निबंधाचे 250 आणि वैकल्पिक विषयाचे 500 मार्क असतात, म्हणजे इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, मराठी साहित्य तीन वर्षं मन लावून केलं तर ते तिथं थेट उपयोगी पडतं. बीएनंतर तीन वर्षांचं एलएलबी आहे, बीएड आहे, समाजकार्याचं एमएसडब्ल्यू आहे. फक्त पहिल्या वर्षापासून पदवीच्या जोडीला एक पक्कं काम हातात घे.

इतिहासवाल्यांना मी मोडीच सांगेन, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ आखून घेतात आणि मग हात कमीत कमी उचलत खाली अक्षरं लिहीत जातात, दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नसतो, त्यामुळं सुरुवातीला सगळी ओळ एकच शब्द वाटते आणि नावं, गावं, तारखा ओळखत ओळखत ती सुटत जाते. 2023 ला कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हा जुने मोडी कागद वाचणाऱ्यांची किती गरज आहे ते सगळ्या महाराष्ट्राला दिसलं. जमिनीचे वाद, वाटण्या, जुनी खरेदीखतं, सगळीकडं हे कागद निघतात. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, त्यांच्या जाहिरातीवर लक्ष ठेव. भूगोलवाल्यांनी असंच जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करायचं काम, शिकावं, इंग्रजीवाल्यांनी भाषांतर.

पोरांनाही सांगते, "बायकी विषय" म्हणून कोणी हसलं तर विषय बदलू नका. त्या हसण्यात तुमच्याबरोबर तुमच्या बहिणीचाही अपमान आहे, हे तोंडावर सांगा.

लग्नाचं आत्ताच बोलून घे. "बघू नंतर" वर सोडलं तर एसवायला असतानाच स्थळं यायला लागतात, म्हणून टीवायचा निकाल लागेपर्यंत एकही बायोडाटा बाहेर जाणार नाही हे मामा किंवा आजीसमोर पप्पांकडून कबूल करून घे. माणसं चार लोकांत दिलेला शब्द सहसा मोडत नाहीत.

आणि फॉर्म दादावर सोडू नकोस. तो भरत असेल तर शेजारी बस, विषयाचा रकाना स्वतः भर, तुला हवा तो विषय त्या कॉलेजात शेवटपर्यंत मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून आहे का ते ऑफिसात आधी विचार. मोबाईल नंबर, ईमेल स्वतःचा टाक, आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का बघ, कारण मेरिट लिस्टचा मेसेज त्या नंबरावर येतो आणि महाडीबीटीची स्कॉलरशिप त्या खात्यात.