अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ॲडमिट करायचंय? पिशवी भरण्याआधी हे वाचा

आईला अर्धांगवायू होऊन चार वर्षं झाली. पहिल्यांदा तिला बेळगावात ॲडमिट केलं तेव्हा खानापुराहून आम्ही फाईल, दोन लुगडी आणि थर्मास एवढंच घेऊन निघालो होतो. तिसऱ्या रात्री तिला कुशीवर वळवलं तर माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. बोटानं दाबून सोडलं तरी लाली तशीच. ही बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात, असं सिस्टरनीच सांगितलं. त्या रात्री अख्ख्या वॉर्डात त्या एकट्या होत्या. इंजेक्शनं, सलाईन, मध्यरात्री आलेला नवा पेशंट, सगळं त्यांनी वेळेवर केलं. राहून गेलं ते आईची कूस बदलणं.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा की साध्या रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ परिचारिका हवी, शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ मागे १, आणि रजेवर जाणाऱ्यांसाठी वर ३० टक्के. हीच माणसं तीन पाळ्यांत वाटायची असतात. पदं रिकामी राहिली की औषधाची वेळ चुकत नाही, कारण ती चार्टवर लिहिलेली असते. मागे पडतं ते पाणी पाजणं, वळवणं, बेडपॅन देणं. ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याचा जीव नेमका यातच अडकलेला असतो. म्हणून तयारी याचीच करायची.

सगळ्यात आधी माणसं ठरवा. बऱ्याच ठिकाणी बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषाला थांबू देत नाहीत आणि पास एकालाच मिळतो. रात्री कोण, पहाटे कोण, शेवटची एसटी चुकली तर कोण, हे घरीच लिहून काढा. आमच्याकडे वहिनी आणि मावशी आलटून पालटून राहतात. सलग दोन रात्री जागलेल्या माणसाच्या हातून वळवताना पेशंट घसरतो, तेव्हा एकट्यावर भार टाकू नका.

मग कूस. दर दोन तासांनी बाजू बदलायची, रात्रीसुद्धा. घरातल्या चार उशा न्या: एक पाठीमागे, एक गुडघ्यांच्या मध्ये, एक पोटऱ्यांखाली, म्हणजे टाचा गादीला टेकणार नाहीत, आणि एक बदलायला. आडवी अंथरायला जुनी मऊ चादर घ्या. तिला दोन्हीकडून धरून पेशंटला उचलता येतं. ओढलं की कातडी सोलवटते. लाल जागेवर पावडर किंवा स्पिरिट चोळायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडा. चोळल्यानं आतलं मांस आणखी दुखावतं. भोकाची रबरी गादीही नको. एअर बेड भाड्यानं मिळतो, पण पंपाची वायर खाटेपाशी पोचते का ते बघून घ्या. आणि एअर बेड आला म्हणून वळवणं थांबवायचं नाही.

वळवल्याची वेळ लिहायला खाटेशी एक कागद चिकटवा: वेळ, डावी, उजवी, पाठ. पाळी बदलली की नव्या सिस्टरना तो दाखवा. आमच्या कागदावर दुसऱ्या दिवसापासून सिस्टरही आपणहून सही करू लागल्या, कारण त्यांना दहा जणांत कोणाचं काय झालं ते आठवत बसावं लागत नव्हतं. कागद कानडीतही लिहून घ्या. बेळगावात मराठी बहुतेकांना कळतं, पण नवी सिस्टर दुसऱ्या जिल्ह्यातून आलेली असू शकते. पेशंटला नीरु म्हणजे पाणी, नोवु म्हणजे दुखतंय, बेन्नु म्हणजे पाठ, मग्गुलु म्हणजे कूस, एवढं शिकवून ठेवा. बोलता येत नसेल तर हातात घंटी द्या, आणि ती चालणाऱ्या हाताच्या बाजूला ठेवा. आमची आधी लुळ्या हाताकडे होती.

पाण्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण हे बाहेरून दिसत नाही. आईनं पाणी पिणंच कमी केलं होतं. का, तर बेडपॅनसाठी सारखी हाक मारायला तिला लाज वाटायची. ‘त्या पोरीला किती पळवू,’ म्हणाली. लघवी गढूळ झाली, शौचाला खडा झाला, मग ताप. आता बाटलीवर मार्करनं रेघा मारतो आणि किती संपली ते बघतो. हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर किती प्यायचं हे डॉक्टरांना विचारूनच. बेडपॅन, युरीन पॉट, रबरी शीट आपलं न्या. पावसाळ्यात आमच्याकडे आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, तेव्हा चादरी दुप्पट. सोयीसाठी लघवीची नळी घालू म्हणाले तर गरज काय आणि काढणार कधी, हे दोन प्रश्न विचारा. नळी जितके दिवस, तितका संसर्गाचा धोका जास्त. नळीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको.

भरवताना बसतं करा आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका, नाहीतर घास श्वासनळीत जातो.

मणक्याला इजा झालेला पेशंट असेल तर एक गोष्ट फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल, तर नळी तुंबून मूत्राशय नुसतं भरलं तरी रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा वेळी पेशंटला बसतं करायचं, नळी कुठे मुडपली आहे का बघायचं आणि तडक डॉक्टरांना बोलवायचं. हे ‘टेन्शनमुळे’ म्हणून सोडून देऊ नका.

कागदांत आधार, रेशनकार्ड, अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड ठेवा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २५ मध्ये उपचारात प्राधान्य देण्याचं म्हटलं आहे; रांगेत ते कार्ड पुढे करायला संकोचू नका. ‘आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक’ या सरकारी योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. कोल्हापूर किंवा गडहिंग्लजला न्यायचा विचार असेल तर कोणतं कार्ड तिथे चालतं, हे गाडी ठरवण्याआधी विचारा.

घरी सोडायच्या दिवशी गाडी बोलावण्याआधी सिस्टरसोबत टाचा, माकडहाड, खुबे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू उजेडात बघा, आणि काही दिसलं तर ते डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या.