सरकारात जायचं का नाही, यावरून डाव्यांची बैठक फुटू नये म्हणून काय करावं

सोलापुरात वीसेक वर्षं विडी आणि यंत्रमाग कामगारांत काम करतोय. निकाल लागला, आकडा अडकला, की मित्रपक्षांची "आता आत जायचं का" अशी बैठक बसतेच, आणि त्यातली एक माझ्या डोळ्यांसमोर फुटली. रात्री दीड वाजता एका गटाचे लोक चपला घालून निघून गेले आणि पुढची तीन वर्षं आमच्या भागात 1 मेला दोन मोर्चे निघाले, आणि मधल्या मधे बायका विचारायच्या की दादा, आम्ही नेमकं कुठल्या मोर्चात यायचं. ते मला अजून सहन होत नाही. म्हणून लिहितोय.

पहिलं काम म्हणजे शब्द वेगळे करा. जागावाटप, बाहेरून पाठिंबा आणि मंत्रिपद या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बैठकीत सगळे एकदमच बोलतात. 2024 च्या विधानसभेला सोलापूर शहर मध्यमध्ये महाविकास आघाडीतलेच काँग्रेस आणि माकप (मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष) दोघं उभे राहिले आणि जागा भाजपला गेली, तिकडं सांगोल्यात आघाडीतलीच ठाकरेंची शिवसेना समोर असूनही शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) जिंकला. ते भांडण जागेचं होतं, त्याचा राग सत्तेच्या बैठकीत काढायचा नाही, त्यासाठी वेगळी तारीख घ्या. बाहेरून पाठिंबा म्हणजे सरकार टिकवायचं पण चुकलं तर बोलायची मोकळीक ठेवायची. मंत्रिपद घेतलं की ती मोकळीक गेली, कारण घटनेच्या 164 व्या कलमानं मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक असते, आपला मंत्री आत बसून सही करणार आणि आपण बाहेर त्याच निर्णयाविरुद्ध आंदोलनाच्या जागी, पूनम गेटला धरणं धरणार, हे लोकांना पटत नाही आणि पटूही नये.

दुसरं, जुनी उदाहरणं पूर्ण सांगा, अर्धी नको. 1996 ला माकपनं आपल्याच ज्योती बसूंना, बंगालच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांना, पंतप्रधान होऊ दिलं नाही आणि ते स्वतः पुढं त्याला ऐतिहासिक घोडचूक म्हणाले, एवढंच आपल्याकडं सांगतात. पण तेव्हा बनलेल्या संयुक्त आघाडीच्या सरकारात भाकपचे (भारतीय कम्युनिस्ट पक्ष) इंद्रजित गुप्त गृहमंत्री होते. म्हणजे एक पक्ष आत, दुसरा बाहेर, आणि तरी बंगालमधली डावी आघाडी दोघांनी मिळून चालवली! मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं, की सगळ्यांनी एकच निर्णय घेतला पाहिजे असं काही नाही, एकमेकांना काय म्हणायचं नाही एवढं ठरलं तरी पुरतं.

2004 चं पण तसंच. माकपचे 43 खासदार होते, काँग्रेसच्या सरकारला बाहेरून पाठिंबा दिला, किमान समान कार्यक्रम लिहून घेतला, रोजगार हमीचा कायदा 2005 ला आणि वनहक्काचा 2006 ला झाला. मग जुलै 2008 मध्ये अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून पाठिंबा काढला आणि 2009 ला 43 चे 16 झाले. त्याला कारणं बरीच होती, बंगालमधली जमिनीची भांडणं होतीच, पण माझं मत सांगतो, ज्या मुद्द्यावर आपण बाहेर पडलो तो साखर पेठेतल्या विडी वळणाऱ्या बाईला आधी कुणी समजावूनच सांगितला नव्हता. आणि आपल्या जिल्ह्याचे शेकापचे गणपतराव देशमुख 1978 ला आणि 1999 ला राज्यात मंत्री होते, त्यातल्या दुसऱ्या सरकारचा पाठिंबा शेकापनं 2002 ला काढला, भांडण रायगड जिल्हा परिषदेतलं आणि हादरा मुंबईत. खालची भांडणं वर कशी जातात ते यावरून कळतं.

आता मुख्य काम, आणि ते बैठकीच्या आधी करायचं. शहराच्या पूर्व भागात, विडी कामगारांच्या वस्तीत जा. दुपारी तीनच्या सुमारास जा, सकाळी नको, सकाळी बायका पाणी आणि डब्यात असतात. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं, हात थांबत नाहीत, बोलणं मात्र सुरू असतं. त्यांना "सत्तेत जायचं का" असं विचारू नका, "सरकारकडून तीन गोष्टी मिळणार असतील तर कुठल्या" असं विचारा. तेलुगू येणारा कार्यकर्ता सोबत घ्या, नाहीतर निम्मं बोलणं आपल्यापर्यंत पोचतच नाही. एका अक्कानं मला सांगितलेलं, "तुम्ही मंत्री व्हा नाहीतर नका होऊ, मजुरी कागदावर एक आणि हातात एक, ते आधी बघा." ते वाक्य मी वहीत तसंच लिहिलं आणि बैठकीत वाचून दाखवलं, त्यानंतर अर्धा तास कुणी आवाज चढवला नाही.

मग मागण्या कुणाच्या हातात आहेत त्याप्रमाणे वाटा. पीएफच्या पेन्शन योजनेतली किमान 1000 रुपयांची पेन्शन वाढवणं केंद्राचं काम, ते राज्य सरकारच्या यादीत घातलं की समोरचे हसतात. विडीचं किमान वेतन, यंत्रमागाची वीज सवलत ही राज्याकडं. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी महापालिकेकडं. यादी पाचच्या वर नेऊ नका आणि प्रत्येकापुढं महिना लिहा.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला बाहेर कधी पडायचं ते लिहा. कुठली गोष्ट झाली तर पाठिंबा काढणार, कोण काढणार, मित्रपक्षांना किती दिवस आधी सांगणार. हे आत जाण्याआधी लिहिलं तर शांतपणे लिहिता येतं, नंतर लिहायला बसलात की प्रत्येक ओळीवर कुणाचं तरी नाव दिसायला लागतं. सरकारकडून काम करून घेताना जाहीर कौतुक कितपत करायचं तेही ठरवा. माकपचे माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांनी कामगारांच्या घरकुलासाठी आयुष्य घातलं आणि 2019 ला पंतप्रधानांचं कौतुक केलं म्हणून त्यांच्यावर पक्षाच्या केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबनाची वेळ आली. हजारो कामगारांना घर मिळतंय आणि मिळवून देणारा माणूस अडचणीत येतोय, असं परत होऊ नये असं मनापासून वाटतं.

प्रत्यक्ष बैठकीत विरोध असणाऱ्यांना आधी बोलू द्या, पुढाऱ्यांनी शेवटी बोलायचं. "गद्दार", "विकले गेले", "पोथीनिष्ठ" हे शब्द सुरुवातीलाच बंद करा. मतदान झालं तर ज्यांची बाजू हरली त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत इतिवृत्तात घ्या आणि त्यांना वाचून दाखवून सही घ्या, हे टाळू नका, आमची बैठक फुटली ती इथंच, त्या लोकांचं म्हणणं दीड ओळीत गुंडाळलं होतं. पत्रकारांसाठी निवेदन त्याच रात्री, दोन्ही बाजूंच्या सहीनं.

महापालिकेत असाल तर विभागीय आयुक्तांकडं नगरसेवकांचा गट नोंदवण्याआधी वकिलाला विचारा, एकत्र गट नोंदला की व्हीप, म्हणजे गटाचा मतदानाचा आदेश, लागू होतो, मग वेगळं मत द्यायची सोय राहत नाही आणि नगरसेवकपद जाऊ शकतं.

शेवटी तो कागद मराठीत आणि तेलुगूत मोठ्या अक्षरात काढून युनियनच्या ऑफिसात दाराजवळ लावा, पुढच्या आढाव्याची तारीख वर लिहून. बायका ऑफिसात येतात तेव्हा वाचतात, ज्यांना वाचता येत नाही त्या दुसरीकडून वाचून घेतात, आणि तारीख टळली की पहिला फोन त्यांचाच येतो.