अकाउंट लॉक झालंय? परत मिळवताना या चुका टाळा

फेसबुक किंवा इन्स्टाग्राम अचानक आत घेईना झालं की पहिल्या तासाभरात माणूस जे काही करतो, त्यातच निम्मं काम बिघडतं. पलीकडे कुणी माणूस बसलेला नसतो. तुम्ही मालक की भामटे हे ठरवणाऱ्या यंत्रणेला तुमची तगमग दिसत नाही. तिला दिसतं ते एवढंच: फोन कुठला, नेटवर्क कुठलं, चुकीचा पासवर्ड किती वेळा टाकला, ओटीपी किती वेळा मागवला. आणि घाबरलेला मालक व घाईतला चोर या बाबतीत अगदी एकसारखे वागतात. खाली सांगितलेल्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

झालंय काय ते न बघताच धावपळ

‘माझं अकाउंट हॅक झालंय, कुणीही रिक्वेस्ट स्वीकारू नका’ असा मेसेज महिन्यातून एकदा तरी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच. यातल्या बऱ्याच जणांचं अकाउंट हॅक झालेलंच नसतं. कुणीतरी त्यांचा फोटो आणि नाव उचलून दुसरं बनावट प्रोफाइल काढलेलं असतं. मूळ अकाउंट शाबूत असतं, पासवर्डही चालत असतो. अशा वेळी त्या बनावट प्रोफाइलवर जाऊन ते तोतया असल्याची तक्रार करायची. तुम्ही आणि तुमच्या चार ओळखीच्यांनी केली तरी पुरे.

गोंधळ होतो तो उलट प्रकारात. अकाउंट खरोखरच चोराच्या हातात गेलेलं असतं आणि मित्रमंडळी उत्साहाने ‘सगळ्यांनी रिपोर्ट मारा रे’ म्हणत त्याच मूळ अकाउंटवर ते बनावट असल्याच्या तक्रारी टाकतात. त्यातून ते बंद पडलं, तर आता एकाऐवजी दोन लढाया: आधी बंदी उठवा, मग चोराला हुसका.

म्हणून पडद्यावरचा मजकूर आधी नीट वाचा, स्क्रीनशॉट काढा. पासवर्ड चुकतोय, संशयास्पद लॉगिनमुळे तात्पुरतं कुलूप लागलंय, ईमेल किंवा नंबरच बदलला गेलाय, की नियम मोडल्याचं सांगून कंपनीने अकाउंट निलंबित केलंय, या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि चौघींचे रस्ते वेगळे. चोरीचा संशय असेल तर ब्राउझरमध्ये फेसबुक डॉट कॉम स्लॅश हॅक्ड किंवा इन्स्टाग्राम डॉट कॉम स्लॅश हॅक्ड हा पत्ता स्वतः टाइप करा. गुगलवर शोधून पहिल्या जाहिरातीवर बोट ठेवू नका. निलंबन असेल तर अपील करावं लागतं आणि त्याला १८० दिवसांची मुदत असते. ‘बघू नंतर’ म्हणत ती उलटली की अकाउंट कायमचं गेलं.

ओटीपीचा मारा

कोड आला नाही म्हणून पुन्हा मागवला, पुन्हा मागवला, आणि मग तिन्ही एकदम आले. त्यातला पहिला टाकला, चुकला. दुसरा टाकला, तोही चुकला. सहसा शेवटी मागवलेलाच कोड चालतो, आधीचे बाद होतात. चारपाच वेळा असं झालं की ‘नंतर प्रयत्न करा’ अशी पाटी येते. ती आली की खरंच थांबा, चांगला एक दिवस. दर अर्ध्या तासाने ‘आता उघडलं असेल’ म्हणून चाचपणी केली की प्रतीक्षा लांबते.

ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे एसएमएसशिवाय फोनवरच लॉगिनचा कोड दाखवणारं ॲप, वापरणाऱ्यांची तक्रार असते की कोड बरोबर टाकूनही चुकीचा म्हणतंय. आधी फोनचं घड्याळ बघा. हे कोड वेळेवरून तयार होतात आणि दर ३० सेकंदांनी बदलतात. तारीख-वेळ हाताने लावलेली असेल आणि घड्याळ पुढेमागे असेल, तर कोड जुळणारच नाही. तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर टाका.

सिम हरवून डुप्लिकेट घेतलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. नवं सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवले जातात. सिमच्या आडून होणारी फसवणूक रोखायला दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये हा नियम केला. तेवढ्या वेळात ओटीपी मागवत बसणं म्हणजे स्वतःच्या हाताने मर्यादा संपवणं.

परदेशी गेलेल्या पोरांचं दुखणं निराळं. अकाउंटला नंबर भारतातला, सिम घरी कपाटात, रिचार्ज कुणी केलेलं नाही. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरलाच नाही तर तो बंद होऊ शकतो, आणि काही काळाने तोच नंबर तिसऱ्याच माणसाला मिळतो. मग तुमचा ओटीपी त्याच्या खिशात वाजतो. तिकीट काढतानाच सगळ्या अकाउंटवर दुसरा नंबर किंवा ईमेल जोडून ठेवा.

दुसऱ्याच्या फोनवरून ‘जरा बघ ना’

आपल्या फोनवरून जमेना म्हणून भाच्याचा फोन, मग ऑफिसचा कम्प्युटर, मग नेट कॅफे, वर कुणीतरी सुचवलं म्हणून व्हीपीएन, म्हणजे आपलं ठिकाण लपवणारं ॲप. यंत्रणेच्या नजरेत एकाच दुपारी चार अनोळखी ठिकाणांहून एकाच दाराला धक्के. ज्या फोनवर ते अकाउंट वर्षानुवर्षं उघडं होतं, तोच फोन, घरचंच वायफाय, नेहमीचाच ब्राउझर, ही तुमची सर्वात भक्कम ओळख. गुगलही अकाउंट परत मिळवताना हेच सांगतं. जुना फोन ड्रॉवरमध्ये पडला असेल तर चार्ज करून बघा; काही वेळा त्यावर अकाउंट अजून उघडंच असतं. आणि हो, घाबरून ॲप डिलीट करू नका, फोन फॉरमॅट तर मुळीच नको.

ईमेल कुठला, हेच माहीत नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. आमच्या शेजारच्या काकू उन्हाळ्यात पापड-कुरडया विकतात, इन्स्टाग्रामवर त्यांचं बऱ्यापैकी गिऱ्हाईक आहे. त्यांना ‘कॉपीराइटचा भंग झाला आहे, २४ तासांत अकाउंट काढून टाकू’ असा मेसेज आला. नाव मेटा सपोर्ट (मेटा म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी), खाली लिंक. त्यांनी लिंकवर पासवर्ड दिला, मग आलेला कोडही दिला. “अहो, निळी टिक होती की त्याला!” असं त्या मला दोनदा म्हणाल्या. ती टिक प्रोफाइलच्या फोटोतच रंगवलेली होती.

मी विचारलं, “काकू, इन्स्टाग्रामला जीमेल कुठला दिलाय?”

“तो आपला फोनमधला.”

“पासवर्ड?”

“तो त्या मोबाइल शॉपीतल्या पोराला ठाऊक. त्यानेच काढून दिला होता.”

हे घरोघरी आहे. पण फोन त्यांचाच असल्याने जीमेल ॲप उघडलं तर सगळे मेल तिथे होते, कधी न वाचलेले. त्यात इन्स्टाग्रामचा एक होता: तुमच्या अकाउंटचा ईमेल बदलला आहे, हे तुम्ही केलं नसेल तर इथे दाबा. ईमेल बदलला की जुन्या पत्त्यावर असा मेल येतो आणि त्यातून बदल उलटवता येतो. काकूंना वर कुठला अर्जही करावा लागला नाही. मात्र लिंक दाबण्याआधी मेल कुठून आलाय ते बघायचं. इन्स्टाग्रामचे असे मेल सिक्युरिटी ॲट मेल डॉट इन्स्टाग्राम डॉट कॉम या पत्त्यावरून येतात. स्पॅम आणि प्रमोशन्स हे कप्पेही धुंडाळा.

जीमेलच चोराने बळकावला असेल तर आधी तो सोडवा, फेसबुक मागाहून. उलटं केलंत तर तुम्ही पासवर्ड बदलणार आणि त्याची लिंक चोराच्या डोळ्यांसमोर जाऊन पडणार. गुगलवर रिकव्हरीचा नंबर किंवा ईमेल बदलला गेला, तरी जुन्यावर कोड मागवण्याची सोय सात दिवसांपर्यंत राहू शकते. त्यामुळे इथे दिरंगाई महागात पडते.

प्रोफाइलवर वाघ, आधारवर तुम्ही

ओळखपत्र मागितलं की आपल्याकडची खरी गंमत सुरू होते. प्रोफाइलवर नाव ‘बापू पाटील सरकार’, आधारवर बापाच्या नावासकट तिन्ही नावं. जन्मतारखेचं त्याहून अवघड: गुरुजींनी शाळेत घालताना १ जून लावून टाकलेली असते, आणि फेसबुकवर मात्र आईने सांगितलेली खरी. कागद आणि प्रोफाइल जुळेना की अर्ज परत. ज्या कागदावरचं नाव किंवा तारीख प्रोफाइलशी जास्तीत जास्त जुळते, तो निवडा. लायसन्स, पासपोर्ट काहीही. आधारच द्यायचं झालं तर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. फोटो दिवसाउजेडी, चारही कोपरे दिसतील असा.

इन्स्टाग्राम कधीकधी सेल्फी व्हिडिओ मागतं: मान डावीकडे, उजवीकडे, वर. हा चेहरा अकाउंटवरच्या फोटोंशी ताडून बघितला जातो. सगळ्या पोस्टमध्ये विठोबा, गाडी आणि वाघच असेल तर ताडून बघणार कशाशी? अशा अकाउंटसाठी वेगळा रस्ता असतो. सुरुवातीला कुठला ईमेल किंवा नंबर दिला होता, अकाउंट कुठल्या प्रकारच्या फोनवर काढलं होतं, असं विचारतात. अंदाजपंचे ठोकून देऊ नका, घरात विचारा, जुनी बिलं बघा.

‘फक्त ५०० रुपये, लगेच काढून देतो’

अकाउंट गेल्याचं जाहीर लिहिलंत की खाली ‘अमक्याला मेसेज करा, माझं दहा मिनिटांत परत मिळालं’ अशा प्रतिक्रिया उगवतात. हे रिकव्हरी एक्सपर्ट म्हणजे दुसऱ्या फेरीचे चोर. आधी थोडे पैसे, मग ‘सर्व्हर चार्ज’, मग तुमचाच ओटीपी. कंपनीच्या आत हात असलेला कुणी यूपीआयवर ५०० रुपये घेत बसत नाही.

व्हॉट्सॲपचं गणित सोपं आहे

तुमच्या नंबरवर दुसऱ्याने व्हॉट्सॲप सुरू केलं असेल, तर स्वतःच्या फोनवर त्याच नंबरने पुन्हा नोंदणी करा. एसएमएसने आलेला सहा आकडी कोड टाकला की तो बाहेर फेकला जातो. मग टू-स्टेप पिन, म्हणजे एसएमएसच्या कोडशिवाय लागणारा स्वतः ठेवलेला आकडा, मागितला आणि तो तुम्ही ठेवलेलाच नसेल, तर चोराने ठेवलाय. सात दिवस थांबावं लागतं. पण त्या सात दिवसांत तोही आत नसतो, त्यामुळे पिन अंदाजाने टाकत बसू नका. एवढ्या वेळात नातेवाइकांना साधा फोन करून कळवा की माझ्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका. हे काम सगळ्यांत आधी करायचं, आणि नेमकं तेच शेवटी आठवतं.

मिळालं, पण दार उघडंच

पासवर्ड बदलून लोक मोकळे होतात. चोर मात्र जाताना मागचं दार उघडं ठेवून गेलेला असतो. कुठल्या कुठल्या फोनवर लॉगिन आहे ती यादी उघडा आणि अनोळखी सगळे बाहेर काढा. फेसबुक-इन्स्टाग्रामची अकाउंटं एकत्र जोडणाऱ्या अकाउंट्स सेंटर या सेटिंगमध्ये त्याने स्वतःचं अकाउंट जोडलंय का, त्याचा ईमेल-नंबर राहिलाय का, ते बघा. व्यवसायाचं पेज असेल तर ॲडमिनची यादी आणि जाहिरातींना जोडलेलं कार्ड. जीमेलमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा. फेसबुकचे मेल परस्पर कचऱ्यात टाकणारा फिल्टर लावलेला असेल तर पुढची सूचना तुम्हाला दिसणारच नाही. मग टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागण्याची सोय, सुरू करून तिचे बॅकअप कोड कागदावर लिहून घ्या. फोनमध्येच स्क्रीनशॉट ठेवलात आणि फोनच गेला, तर त्या कोडचा उपयोग काय?

पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. इतर तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर करता येते. दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे, तेव्हा पोलीस ठाण्यात ‘हे काय आमचं काम’ असं ऐकून परत फिरू नका.

कंपनी दादच देत नसेल तर २०२१ च्या आयटी नियमांनुसार मोठ्या प्रत्येक सोशल मीडिया कंपनीला भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. त्याचा निर्णय पटला नाही तर जीएसी डॉट गव्ह डॉट इन वर सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. सगळं ऑनलाइन, वकील लागत नाही. निर्णय कळल्यापासून ३० दिवसांच्या आत अपील टाकायचं, आणि पहिल्या दिवशी काढलेले ते स्क्रीनशॉट त्याला जोडायचे.