क्राइम कादंबरी वाचताना खुनी शोधाच, पण निकालही द्या

आधी सोपं सांगतो. शेवटचं पान उघडून बघायचं नाही, आणि मागच्या कव्हरवरचा मजकूरही जमलं तर टाळा, अर्धी गोष्ट तिथेच फोडलेली असते. पहिली पन्नाससाठ पानं एका बैठकीत काढा, कारण सगळी माणसं तिथे येऊन जातात आणि दोन दिवसांचा गॅप पडला की हा कुणाचा भाऊ नि ती कुणाची बायको यातच डोकं जातं.

पुस्तकात एक कागद ठेवा. संशयिताचं नाव आणि पुढे फक्त एक ओळ, मला याचा संशय का येतोय. ही ओळ प्रामाणिकपणे लिहायची हं. बघा मग, निम्म्या नावांपुढे 'उद्धट बोलतो', 'पैसेवाला आहे', 'अंत्यविधीला रडला नाही' असलं काहीतरी निघेल. यातला एकही पुरावा नाही, लेखकाने तो माणूस आपल्याला आवडू नये अशी सोय केली आणि आपण लगेच त्याला पिंजऱ्यात उभं केलं.

खऱ्या जगात हे असंच चालतं म्हणून ते कादंबरीत पकडायला मजा येते. शेरलॉक होम्सवाले आर्थर कॉनन डॉयल स्वतः अशा एका केसमध्ये पडले होते. इंग्लंडमधला जॉर्ज एडलजी नावाचा वकील, वडील मूळचे पारशी आणि तिथल्या चर्चचे पाद्री, त्याला 1903 मध्ये रात्री एका घोड्याला जखमी केल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. तीन वर्षांनी सुटून तो डॉयलना भेटायला आला तेव्हा पेपर अगदी डोळ्यांना लावून, तोही तिरका धरून वाचत बसला होता. डॉयल डोळ्यांचं शिकलेले, त्यांना लांबूनच शंका आली की एवढी अधू नजर असलेला माणूस अंधारात शेतं ओलांडून गेलाच कसा? त्यांनी पेपरमधून मोहीम चालवली, 1907 मध्ये एडलजीला माफी मिळाली पण नुकसानभरपाई एक पैसाही नाही. आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलांसाठी वेगळं कोर्ट उभं करणारा कायदा आला, त्यामागे या केसचाही हात होता.

आता मुख्य काम. पुस्तक साधारण तीन चतुर्थांश झालं की, म्हणजे पोलीस कुणालातरी उचलतात त्याच्या आसपास, दहा मिनिटं थांबा. (अवघड आहे, माहितेय, पण करा.) स्वतःला विचारा, मी जज असतो तर आत्ता, एवढ्यावर, याला दोषी ठरवलं असतं का? अट एकच, निवेदकाने त्याच्या मनात शिरून जे दाखवलं ते धरायचं नाही कारण कोर्टाला ते कधीच दिसत नाही. उरतं काय तर साक्षीदार, वस्तू, कबुलीजबाब. यातले साक्षीदार आणि कबुली ऐकायला भक्कम वाटतात पण फसवतात. अमेरिकेत डीएनए टेस्टमुळे निर्दोष सुटलेल्यांच्या केसेस बघितल्या तर चुकीची ओळख पटवणारे साक्षीदार त्यात खूप मोठ्या प्रमाणात सापडतात, आणि न केलेल्या गुन्ह्याची कबुली दिलेली माणसंही. शंभर अपराधी सुटले तरी चालतील पण एका निरपराध्याला शिक्षा नको असं आपण सहज म्हणतो (इंग्लिश कायदेपंडित ब्लॅकस्टोनने 18व्या शतकात दहाच म्हटले होते), पण त्या पानावर थांबल्यावर कळतं की आपल्याला एकालाही सोडायचं नसतं.

हिरो पोलीसवाल्यावरही नजर ठेवा. वॉरंटशिवाय कपाट उघडलं, चौकशीत दोन ठेवून दिल्या, फाईलमधला एक कागद खिशात घातला. माणूस आवडता आहे म्हणून आपण पान उलटतो. तेच व्हिलन पोलीसवाल्याने केलं असतं तर? अशा जागी पेन्सिलने बारीक खूण करून पुढे जा, तिथे थांबलात तर वेग मरतो.

शेवट वाचताना शिक्षा नक्की कुणी दिली ते बघा. कितीतरी कादंबऱ्यांत खुनी कड्यावरून पडतो, स्वतःला गोळी घालतो नाहीतर गाडीखाली येतो. मला ही सरळसरळ पळवाट वाटते, प्रश्न उभा केला लेखकाने आणि उत्तर द्यायला अपघात. त्यापेक्षा खुनी सुटलेला आणि वाचक चिडलेला परवडला.

पूर्ण झालं की लगेच नवीन पुस्तक उचलू नका, तो कागद काढून तुमचा निकाल आणि लेखकाचा निकाल शेजारी ठेवा. जुळला नाही तर आपलंच चुकलं असं धरून चालू नका, कारण तुमच्यापुढे जेवढा पुरावा होता तेवढ्यावर निर्दोष हेच बरोबर असू शकतं, जरी खून त्यानेच केलेला असला तरी. मित्राने तेच पुस्तक वाचलं असेल तर 'खुनी ओळखलास का' विचारण्याऐवजी 'कुठल्या पानावर तुझी खात्री झाली' ते विचारा, भांडण जास्त चांगलं रंगतं.

आणि दुसऱ्यांदा वाचायला वेळ असेल तर फक्त मयताची पानं वाचा. जिवंत असताना त्याला किती पानं मिळाली, आणि पन्नासाव्या पानानंतर त्याचं नाव कोण घेतं.