ढिसाळ स्टार्टअपमध्ये डेव्हलपर आहात? या चुका टाळा

सकाळी संस्थापक म्हणतात, लॉगिन आधी करा. दुपारी सेल्सवाले सांगतात, क्लायंटला रिपोर्ट उद्याच हवाय. संध्याकाळी विचारणा होते, लॉगिन का झालं नाही? अशा ठिकाणी गोंधळ तुम्ही घातलेला नसतो, पण खापर बहुतेक वेळा कोड लिहिणाऱ्याच्या डोक्यावर फुटतं. आपल्याच काही सवयी त्याला हातभार लावतात.

तोंडी सांगितलेल्या कामाला लगेच हात घालणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. कॉलवर ठरलेलं दोन दिवसांनी प्रत्येकाला वेगळंच आठवतं. म्हणून कॉल संपला की ग्रुपवर लिहून टाका: ‘ठरल्याप्रमाणे आधी पेमेंटचं पान, रिपोर्ट पुढच्या आठवड्यात. पेमेंटमध्ये रिफंड धरलेला नाही. काही बदल असेल तर आजच सांगा.’ यातलं मधलं वाक्य सर्वांत मोलाचं. काय करणार ते सगळेच लिहितात, काय करणार नाही ते राहून जातं आणि भांडण नेमकं तिथेच होतं.

मध्येच नवीन काम आलं तर सरळ नकार देऊ नका. ‘हे घेतो, पण मग रिपोर्ट पुढे ढकलावा लागेल. चालेल का?’ असं विचारा. काय मागे ठेवायचं ते ठरवणं व्यवस्थापनाचं काम आहे, ते त्यांनाच करू द्या.

दर वेळी रात्री जागून वेळ मारून नेणं

एखाद्या लाँचसाठी जागणं समजू शकतं. दर आठवड्याला जागलात तर वरच्यांना एवढंच दिसतं की काम वेळेत झालं, आणि पुढची तारीख त्याच हिशेबाने ठरते. काम उरकत नसेल तर आठवड्याच्या सुरुवातीलाच सांगा, शेवटच्या रात्री नाही. माणसं वाढवून मागतानाही जपून. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर नवी माणसं घातली की तो आणखी लांबतो, हे सॉफ्टवेअर तज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच मांडलं होतं, कारण नव्यांना तयार करण्यात जुन्यांचाच वेळ जातो. आधी कामाची यादी छाटून घ्या.

बॅकअप ‘असेलच’ असं धरून चालणं

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत रात्री उशिरा एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसचाच डेटा उडवला. बॅकअपची सोय एकापेक्षा जास्त प्रकारे केलेली होती. पण डेटाबेसचा नेहमीचा डंप (सगळ्या डेटाची फाइलमध्ये काढलेली प्रत) सॉफ्टवेअरचं व्हर्जन न जुळल्यामुळे फसत होता आणि तो फसल्याचे ईमेलही कोणापर्यंत पोचत नव्हते. सुमारे सहा तास आधी, दुसऱ्याच कामासाठी घेतलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची प्रत) हाताशी होता, त्यावर निभावलं. मधल्या तासांचा डेटा मात्र गेला. कंपनीने हे सगळं लपवलं नाही, जाहीरपणे लिहून मांडलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

जिथे कारभारच ढिसाळ आहे तिथे ही काळजी दुसरं कोणी घेईल अशी आशा धरू नका. महिन्यातून एकदा बॅकअप वेगळ्या मशीनवर प्रत्यक्ष रिस्टोर करून बघा. प्रॉडक्शनच्या, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सर्व्हरच्या, टर्मिनलचा रंग वेगळा ठेवा. आणि शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करायला (नवा कोड सर्व्हरवर चढवायला) कोणी सांगितलंच, तर रोलबॅक कसा करायचा, म्हणजे जुन्या व्हर्जनवर परत कसं यायचं, हे आधी ठरवा.

सगळं एकट्याच्या डोक्यात ठेवणं

सर्व्हरचे पासवर्ड, डिप्लॉयच्या पायऱ्या फक्त तुम्हालाच ठाऊक असतील तर नोकरी पक्की होत नाही, सुट्टी मात्र बुडते. पासवर्ड टीमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये आणि पायऱ्या रीडमी फाइलमध्ये टाकून मोकळे व्हा.

शेअर्सच्या आशेवर थकलेला पगार सोसणं

ईसॉप (ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर्स घेण्याचे हक्क) साधारणपणे चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतात आणि बहुतेक ठिकाणी पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत हाती काहीच लागत नाही. नोकरी सोडल्यावर ते वापरून शेअर्स विकत घ्यायची मुदतही अनेकदा जेमतेम ९० दिवसांची असते. तेव्हा करारातल्या या तीन गोष्टी आजच वाचा. पगार एकदा लांबला तर पुढची तारीख लेखी मागा. तीही चुकली तर दुसरीकडे अर्ज करायला लागा.